ॲन हचिन्सनचं आजोळ, माहेर आणि सासर : लंडन ते बॉस्टन

अमेरिकेच्या इतिहासात ॲन हचिन्सन आपल्याला भेटते ती थेट न्यायासनासमोर. नोव्हेंबर 1637, मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं न्यूटाउन, समोर गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप. घरी बायका जमवून प्रवचनांवर चर्चा करते आणि वसाहतीतल्या धर्मगुरूंना चुकीचं ठरवते, हे आरोप. शिक्षा हद्दपारीची. तिचे जे शब्द उरले ते खटल्याच्या कागदांत, म्हणजे तिच्याविरुद्ध बसलेल्यांच्या दप्तरात. ती कोणाची मुलगी, कोणाची सून, तिची लेकरं किती जगली, हे मात्र इंग्लंडमधल्या चर्चच्या वह्यांत, मृत्युपत्रांत आणि एका जुन्या वाड्यात सापडतं. आम्ही तेच बघायला गेलो होतो.

एक गोष्ट निघण्याआधी पक्की हवी. त्या काळातल्या बाईचा शोध नुसत्या तिच्या नावाने लागत नाही. बाप, नवरा, मामा, नंदावा यांच्या कागदांतून तिच्यापर्यंत यावं लागतं. त्यामुळे मुक्काम ठरवताना 'ॲन कुठे राहिली' एवढंच बघू नका. 'तिच्या माणसांचे कागद कुठे आहेत' हेही बघा.

पहिला दिवस : लंडन, बँक स्टेशनच्या आसपास

सकाळपासून बारीक पाऊस होता. बँक स्टेशनातून वर आलं की लोंबार्ड स्ट्रीटच्या तोंडाशी सेंट मेरी वूलनॉथ चर्च दिसतं. 9 ऑगस्ट 1612 रोजी इथे ॲन मारबरी आणि विल्यम हचिन्सन यांचं लग्न लागलं. ती एकवीस वर्षांची, तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, कापडाचा व्यापारी आणि तिच्याच जन्मगावचा, लिंकनशरमधल्या ऑल्फर्डचा. आजची इमारत मात्र त्या लग्नाची नाही. जुन्या चर्चचं 1666 च्या लंडनमधल्या मोठ्या आगीत बरंच नुकसान झालं होतं, आणि आत्ताचं चर्च निकोलस हॉक्समूरने 1716 ते 1727 या काळात बांधलं. आत जेमतेम चौकोनी जागा, उंच खांब, आणि बाहेरच्या गर्दीतून आलेले दोघं-तिघं कर्मचारी डोळे मिटून बसलेले. चर्च कामाच्या दिवशी उघडं असतं. शनिवार-रविवारच्या भरवशावर जाऊ नका.

ॲनचे वडील फ्रान्सिस मारबरी हे धर्मगुरू. तरुणपणी, 1578 मध्ये, लंडनचे बिशप जॉन एल्मर यांच्यासमोर त्यांची चौकशी झाली. अर्धशिक्षित माणसांना धर्मगुरू नेमता म्हणून त्यांनी बिशपांनाच सुनावलं, आणि त्यांची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. पुढे तो सगळा सवाल-जबाब त्यांनी संवादासारखा लिहून ठेवला. ॲनच्या 1637 च्या खटल्यातली उत्तरं वाचण्याआधी बापाचा हा संवाद वाचावा. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणं आणि बायबलातल्या वचनावर समोरच्याला अडवणं या घरात कुठून आलं ते लगेच कळतं.

1605 मध्ये हे कुटुंब लंडनला आलं. मारबरींकडे सेंट मार्टिन व्हिंट्री, नंतर सेंट पॅनक्रस सोपर लेन आणि शेवटी सेंट मार्गारेट न्यू फिश स्ट्रीट ही चर्च होती. तिन्ही 1666 मध्ये जळाली आणि परत बांधली गेली नाहीत. सेंट पॅनक्रसच्या जागी आज पॅनक्रस लेनमध्ये छोटी बाग आहे, कोरीव लाकडी बाकांची. सेंट मार्गारेटच्या जागी आगीचं स्मारक उभं आहे, तोच 'मॉन्युमेंट' नावाचा 202 फुटी खांब. लोक 311 पायऱ्या चढून वर जातात आणि फोटो काढून उतरतात. ॲनच्या वडिलांचं शेवटचं चर्च याच जागेवर होतं, हे तिथे उभं राहून आठवणारा विरळाच. तिन्ही ठिकाणं आणि लग्नाचं चर्च चालत दोन तासांत आरामात होतात.

लंडन शहरातल्या चर्चच्या नोंदवह्या आता क्लार्कनवेलच्या लंडन आर्काइव्हजमध्ये आहेत. इमारत जळाली म्हणून वहीही जळाली, असं समजू नका. बऱ्याच चर्चच्या वह्या आगीतून वाचल्या आहेत. आधी सूची बघा, मग निराश व्हा.

दुसरा दिवस : क्यू, मृत्युपत्रं

राष्ट्रीय अभिलेखागार क्यूला आहे. डिस्ट्रिक्ट लाइनचं क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. मूळ कागद हातात घ्यायचे तर वाचक-कार्ड लागतं, आणि त्यासाठी दोन पुरावे : एक फोटो-ओळखपत्र, एक पत्त्याचा. भारतातून जाणाऱ्यांची अडचण दुसऱ्यापाशी होते. पासपोर्ट असतो, पण पत्त्याचा कागद हॉटेलातल्या बॅगेत राहतो किंवा निघालेलाच नसतो. कोणते कागद चालतात ती यादी आधी वाचून मूळ प्रत सोबत न्या. आत फक्त पेन्सिल. पेन, पाणी, कोट, पिशवी सगळं लॉकरमध्ये. फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

कँटरबरीच्या प्रिरोगेटिव्ह कोर्टात शाबीत झालेली 1384 ते 1858 ची मृत्युपत्रं 'प्रॉब 11' या मालिकेत आहेत. त्यांच्या प्रतिमा घरबसल्याही मिळतात, त्यामुळे तेवढ्यासाठी क्यूला जायचं कारण नाही. फ्रान्सिस मारबरी 1611 च्या सुरुवातीला गेले. अशा घरासाठी मृत्युपत्राइतका उपयोगी कागद दुसरा नाही, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा फक्त बापाचं नाव असतं. मारबरींची लग्नं दोन. पहिली बायको एलिझाबेथ मूर, दुसरी ब्रिजेट ड्रायडन. कोणतं मूल कोणत्या आईचं, हे चर्चची वही सांगत नाही. ते दुसऱ्या लग्नाचा काळ (1587 च्या सुमारास), मृत्युपत्रं आणि दूतांनी गोळा केलेल्या वंशावळी एकमेकांशेजारी ठेवून ठरवावं लागतं. 1530 ते 1688 या काळात राजाचे दूत परगण्या-परगण्यात फिरून ढाल-चिन्हाचा हक्क सांगणाऱ्या घराण्यांकडून वंशावळी घेत. या वंशावळी घरच्यांनीच सांगितलेल्या. आजोबांपर्यंत बऱ्यापैकी भरवशाच्या, त्यामागे घराणं स्वतःला जितकं मोठं समजे तितक्या लांब. शक्य तिथे दुसरा कागद जोडल्याशिवाय त्यातली पिढी पुढे नेऊ नका.

अक्षर हीच खरी अडचण. त्या काळचं 'सेक्रेटरी' वळण इंग्रजी येणाऱ्यालाही पहिल्या दिवशी वाचता येत नाही. देवनागरी येत असून मोडीचा कागद समोर आला की जशी गत होते तशीच. 'ई' उलटा वळलेला, 'एच'चं शेपूट ओळीखाली, 'सी' अगदी 'आर'सारखा, लांब 'एस' 'एफ'सारखा. मोठा 'एफ' म्हणजे दोन छोटे 'एफ'. 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी. आकडे रोमन, आणि शेवटच्या 'आय'ला शेपूट काढून 'जे' केलेला. लिहिणारा कोणी असो, त्याच्याच हातची ओळखीची नावं (जॉन, विल्यम, एलिझाबेथ) आधी शोधून त्यातून अक्षरांचा तक्ता बनवा. तासाभरात पान हलायला लागतं. नावांचं शुद्धलेखन एक नसतं, हचिन्सनमधला 'टी' अनेकदा गायब, मारबरीचं मर्बरी झालेलं. शोधपेटीत एकच रूप टाकून 'सापडलं नाही' म्हणणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते.

तिसरा दिवस : कॅनन्स ॲशबी, ॲनचं आजोळ

बॅनबरीपर्यंत ट्रेन, तिथून गाडी. बसने जाण्याचा नाद सोडा. टॅक्सी घेतलीत तर परतीची वेळही तेव्हाच ठरवून घ्या, कारण वाड्यापाशी मोबाइलला धड रेंज मिळेल असं नाही.

नॉर्दॅम्प्टनशरच्या मेंढरांच्या कुरणांत हा वाडा उभा आहे. ॲनच्या आईचे वडील जॉन ड्रायडन यांना ही जमीन बायकोकडून, एलिझाबेथ कोपकडून, मिळाली. म्हणजे आजोळाची ही वास्तूसुद्धा बायकांच्या वाटेने आलेली. 1981 पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. इंग्लंडमधल्या बऱ्याच वाड्यांवर पुढच्या पिढ्यांनी संगमरवर आणि खांब चढवले. इथे ते फारसं झालं नाही. बुटकी दारं, असमान फरशी, स्वयंपाकघराची दगडी भिंत, आणि विंटर पार्लर नावाची छोटी खोली. तिच्या भिंतींच्या लाकडी फळ्यांवर ड्रायडन आणि त्यांच्या सोयऱ्यांची चिन्हं रंगवलेली आहेत. या खोलीला वेळ द्या. कोणत्या घराशी सोयरीक होती हे सोयऱ्यांच्या चिन्हांवरून वाचता येतं, आणि वंशावळीतली एखादी शंका तिथे सुटते. खोलीत बसलेल्या स्वयंसेवक आजी एकेका चिन्हावर बोट ठेवून घराणं सांगत होत्या. तुम्ही नुसतं "हे कुणाचं?" विचारा, पुढचा अर्धा तास त्यांचा.

ॲनचे मामा इरॅस्मस ड्रायडन हे पुढे बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा किताब) झाले, आणि त्यांनी शुद्धिवादी (प्युरिटन, इंग्लंडचं चर्च आणखी सुधारा म्हणणाऱ्या) प्रवचनकारांना आसरा दिला. त्यांचा नातू म्हणजे कवी जॉन ड्रायडन, नात्याने ॲनच्या मामेभावाचा मुलगा. तो 1631 मध्ये जन्मला. ॲन इंग्लंड सोडून गेली तेव्हा तीन वर्षांचा होता. शेजारचं चर्चही बघा. मोडलेल्या मठाचा तो उरलेला तुकडा आहे, गावाच्या मानाने अवाढव्य.

चहाच्या खोलीत चीज स्कोन गरम मिळाले. वाडा वर्षभर रोज उघडा नसतो आणि हिवाळ्यात वेळा बदलतात. त्याच दिवशी सकाळी तपासून निघा.

चौथा दिवस : लिंकन, तारखांचा घोळ

लिंकनशर आर्काइव्हज कॅथेड्रलच्या टेकडीखाली, सेंट रंबोल्ड स्ट्रीटवर आहे. इथे आधी वेळ घेऊनच जावं. ज्या वह्यांच्या प्रतिमा झाल्या आहेत त्यांची मूळ प्रत सहसा देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ऑल्फर्डच्या नोंदी बघायच्या तर नोंदवही आणि 'बिशपची नक्कल' दोन्ही मागा. 1598 नंतर प्रत्येक चर्चने वर्षभराच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठवायची, असा नियम झाला. मूळ वहीत पान फाटलं असेल तर नोंद नकलेत सापडते. काही वेळा नकलेत जास्तीचा शब्दही असतो.

त्याच वेळी आणखी एक हुकूम निघाला : जुन्या कागदी वह्या चामड्याच्या पानांवर उतरवून काढा. म्हणून 1598 च्या आधीची पानं एकाच हातची, एकाच शाईची, सुबक दिसली तर ती नक्कल समजा. नक्कल म्हटली की गाळलेली ओळ आणि चुकलेलं नाव शक्य. ॲनचा बाप्तिस्मा 20 जुलै 1591 चा, म्हणजे याच काळातला.

आता तारखा. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस आधीच्या वर्षात मोजले जात. ॲनच्याच मुलांवरून हे सगळ्यात चांगलं समजतं. फेथचा बाप्तिस्मा 14 ऑगस्ट 1617. तिच्या मागची ब्रिजेट 15 जानेवारीची, आणि वर्ष 1618. आजच्या पद्धतीने वाचलं तर दोघींत पाच महिने, जे शक्यच नाही. खरं वर्ष 1619, अंतर सतरा महिने. पुढे पुन्हा तेच : फ्रान्सिस 24 डिसेंबर 1620, आणि एलिझाबेथ 17 फेब्रुवारी 1621. दोन महिन्यांत दोन बाळं होत नाहीत, ती 1622 ची. इंटरनेटवरच्या कित्येक वंशावळींत इथे एखादं मूल 'दत्तक' करून टाकलंय किंवा जुळं ठरवलंय.

उपाय सोपा आहे. 1 जानेवारी ते 24 मार्चमधली प्रत्येक तारीख दुहेरी वर्षाने लिहा, 1618/19 अशी. दिवसाला हात लावू नका. इंग्लंडचं आणि युरोपचं पंचांग तेव्हा दहा दिवसांनी वेगळं होतं, पण ते दिवस मिळवून ठेवलेत तर पुढच्या माणसाला मूळ नोंद सापडणार नाही.

दुसरा सापळा एकाच नावाच्या भावंडांचा. विल्यम नावाची दोन मुलं : 1623 चा लहानपणीच गेला, दुसरा 1631 चा. सुझॅना दोन : पहिली 4 सप्टेंबर 1614 ची, ती 8 सप्टेंबर 1630 ला पुरली गेली. महिन्याच्या आत, 4 ऑक्टोबरला, आठ वर्षांची एलिझाबेथ. ते ऑल्फर्डमधल्या प्लेगचं साल. दुसऱ्या सुझॅनाचा बाप्तिस्मा 15 नोव्हेंबर 1633. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला देण्याची रीत होती. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की दफनाच्या नोंदी पुढची वीस वर्षं चाळल्याशिवाय ती नोंद 'आपल्या' माणसाची मानू नका. 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'फिलियस' मुलगा, 'सेपुल्टा' म्हणजे पुरली. एवढं लॅटिन या वह्यांना बहुतेक पुरतं.

विल्यमचे आजोबा जॉन हचिन्सन हे लिंकनचे महापौर होते, 1565 मध्ये वारले. म्हणजे सासरचं मूळ याच शहरात. संध्याकाळी स्टीप हिल चढून कॅथेड्रलला गेलो. चढ नावाला जागणारा आहे, दगड ओले असतील तर कठड्याला धरून चढा. वरच्या बेकरीत लिंकनशर प्लम ब्रेड मिळतो. त्यात प्लम नसतो, बेदाणे आणि मनुका असतात. लोणी लावून, चीजच्या तुकड्यासोबत खायचा.

पाचवा दिवस : ऑल्फर्ड आणि बिल्स्बी

ऑल्फर्डला 1970 पासून रेल्वे नाही. स्केग्नेसहून किंवा लाउथहून बस आहे, रविवारी तिच्यावर विसंबू नका. उन्हाळ्यातही वारा समुद्राकडून येतो, जाडसर जॅकेट असू द्या.

सेंट विल्फ्रिड चर्च हिरवट वालुकाश्माचं आहे, पावसाने झिजून कडा गोल झालेलं. फ्रान्सिस मारबरी इथे साहाय्यक धर्मगुरू आणि गावच्या शाळेचे मास्तर होते. चर्चची साफसफाई करणाऱ्या एक बाई हातातलं फडकं तसंच ठेवून आम्हांला ॲनची माहिती दाखवायला घेऊन गेल्या. अमेरिकेतून हचिन्सनांचे वंशज येतात, आणि पहिला प्रश्न तिच्या घराचा असतो, असं त्या म्हणाल्या. ते घर उरलेलं नाही. पण 1611 मध्ये बांधलेला, गवताने शाकारलेला मॅनर हाउस उभा आहे. ॲन 1612 मध्ये सून होऊन गावात परतली तेव्हा तो अगदी नवा असणार. तिने पाहिलेली म्हणता येईल अशी गावातली मुख्य वास्तू हीच, चर्च सोडून. आत गावाचं संग्रहालय आहे. गावाबाहेर पाच पात्यांची पवनचक्की दिसते. फोटो जरूर काढा, पण ती ॲननंतर दोनशे वर्षांनी आली.

बिल्स्बी तिथून दोनेक किलोमीटर. बहुतेक प्रवासी हे गाव वगळतात, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी चूक तीच. इथल्या होली ट्रिनिटी चर्चचे धर्मगुरू होते जॉन व्हीलराइट, 1623 पासून. त्यांची दुसरी बायको मेरी हचिन्सन, विल्यमची बहीण, म्हणजे ॲनची नणंद. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या प्रवचनावरून वाद पेटला ते याच नंदाव्याचं, आणि ॲनच्या आधी हद्दपारी त्याला झाली. विल्यमची म्हातारी आई, ॲनची सासू सुझॅना, तीही समुद्र ओलांडून गेली. ॲनची धाकटी बहीण कॅथरीन नवऱ्यासोबत गेली आणि पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेली. एकटी बंडखोर बाई म्हणून जिचं चित्र काढलं जातं, ती प्रत्यक्षात सासर-माहेरच्या अख्ख्या गोतावळ्यासह गेली होती. ऑल्फर्ड ते बिल्स्बी पायी गेलं की हा गोतावळा किती जवळजवळ राहत होता ते पायांना कळतं. चर्चला कुलूप असलं तर फलकावरच्या क्रमांकावर फोन करायचा. आदल्या दिवशी केलेला बरा.

जेवणात इथले लिंकनशर सॉसेज प्रसिद्ध, डुकराच्या मांसाचे, सेजची पानं घातलेले. शाकाहाऱ्यांनी भाजलेला बटाटा आणि लिंकनशर पोचर चीज मागावं. हे चीज ऑल्फर्डजवळच्या अल्स्बीत बनतं, घट्ट, किंचित गोडसर, जिभेवर रेंगाळणारं.

सहावा दिवस : बॉस्टन

सपाट पाणथळ जमिनीवर सेंट बोटॉल्फचा मनोरा कितीतरी आधी दिसू लागतो. उंची सुमारे 81 मीटर, लोक त्याला 'स्टंप' म्हणतात. जॉन कॉटन 1612 पासून इथे धर्मगुरू होते, आणि ॲन-विल्यम ऑल्फर्डहून त्यांचं प्रवचन ऐकायला यायचे. घोड्यावरून जवळपास दिवस मोडत असणार. त्याच साली घडवलेलं लाकडी प्रवचनपीठ आजही जागेवर आहे. कॉटन चॅपल 1857 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनकरांच्या पैशातून दुरुस्त झालं. बुधवारी आणि शनिवारी समोर बाजार भरतो. बघायला छान, पण गाडी लावायला जागा मिळत नाही.

अटक टाळायला कॉटन 1633 मध्ये 'ग्रिफिन' जहाजाने निघाले. ॲनचा थोरला एडवर्ड त्याच जहाजावर होता. पुढच्या वर्षी तेच जहाज ॲन, विल्यम आणि बाकीच्या मुलांना घेऊन 18 सप्टेंबर 1634 ला पलीकडे पोचलं. पंधरावं मूल, झुरिएल, 13 मार्च 1635/36 ला तिकडच्या बॉस्टनच्या चर्चवहीत नोंदलेलं आहे. दुहेरी वर्ष तिथेही चुकत नाही.

पुढचा शोध अमेरिकेतला. हद्दपारीनंतर कुटुंब ॲक्विडनेक बेटावर, आजच्या ऱ्होड आयलंडमध्ये, गेलं. विल्यमच्या मृत्यूनंतर ॲन डच मुलखात, आजच्या न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या भागात, राहायला गेली. डच गव्हर्नर कीफ्टने मूळनिवासींवर लादलेल्या युद्धात 1643 मध्ये ती आणि सोबतची मुलं मारली गेली. सुझॅना तेवढी वाचली. काही वर्षं ती मूळनिवासींकडे होती, नंतर परत आली आणि 30 डिसेंबर 1651 रोजी तिने जॉन कोलशी लग्न केलं. ऱ्होड आयलंडमधल्या ज्या कोल घराण्यांचा धागा तिच्यापर्यंत जातो त्यांनी ऑल्फर्डच्या वहीत 15 नोव्हेंबर 1633 ची नोंद मागावी. 1614 ची सुझॅना वेगळी, आणि ऑनलाइन झाडांवर बऱ्याचदा तीच चिकटवलेली असते.